घोयऱ्याची साक्ष

एका राज्यात सूर्य उगवायचा तोच कपाळाला आठ्या घालून. दुपारी किल्ल्याचा दगड असा तापे की कबूतर बसलं तर पाय उचलून उचलून नाचे. आणि पहाटे तोच दगड असा गार पडे की म्हाताऱ्यांचे दात वाजत. या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवा. राजाने ठेवल्या नाहीत, आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

राजाचं नाव दंडपाणी. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा त्याला वाढवलं थोरल्या बहिणीने. तिचं नाव कलावती, पण सगळं राज्य तिला आक्का म्हणे. तिने त्याचं नाक पुसलं, त्याला घोड्यावर बसायला शिकवलं, सिंहासनावर बसवलं आणि आपण मागे उभी राहिली. गादीवर बसलं की पोर शहाणं होतं असं लोकांना वाटतं. होत नाही. नुसतं उंच बसतं.

दंडपाणीला न्यायाची फार हौस. पण साक्षी ऐकायचा कंटाळा. एक म्हणतो गाय माझी, दुसरा म्हणतो माझी, आणि गाय काही बोलत नाही. राजा जांभया देई.

अशात दक्षिणेकडून भुजंगनाथ नावाचा मांत्रिक आला. त्याने वेताची करंडी उघडली. आत एक घोयरा. घोयरा म्हणजे तो झाडावरचा सरडा: शेपटीची गुंडाळी करणारा, एक डोळा पुढे नि एक मागे फिरवणारा, चालताना झुलणारा, घडीघडीला रंग पालटणारा.

मांत्रिक म्हणाला, "महाराज, हा मनातला रंग अंगावर आणतो. खोटं बोलायचं याला ठाऊक नाही."

कुणाच्या मनातला, हे राजाने विचारलं नाही. मांत्रिकानेही सांगितलं नाही. न विचारलेलं सांगत बसले तर मांत्रिकांना कोण विचारील?

"याला तीन गोष्टी लागतात," मांत्रिक म्हणाला.

"ते सेवक बघतील," राजा म्हणाला. मांत्रिक हसला, जेवला आणि गेला.

सेवकांनी बघितलं. घोयऱ्याला सोन्याचा पिंजरा केला, चकचकीत घासलेला. खाली मखमल घातली. सोन्याच्या वाटीत केवड्याचं पाणी भरलं. ताटलीत साजूक तुपातला शिरा वाढला. एवढं जावयालाही कुणी करत नाही.

राज्यात कचेरी भरे ती पहाटे, ऊन चढायच्या आत. गार दगडाच्या दरबारात आरोपी उभा करायचा, राजाने घोयऱ्याला मानेला धरून त्याच्यापुढे न्यायचं, आणि विचारायचं, "तू केलंस का?" आरोपी म्हणे, "नाही महाराज." की घोयरा काळा. काळा म्हणजे कोळशासारखा. लोक ओरडत, "खोटं! खोटं!" आणि शिपाई त्या माणसाला राज्याच्या कुंपणाबाहेर काढत.

कुंपण होतं निवडुंगाचं. मुळात गुडघ्याएवढं. पण एक माणूस बाहेर काढला की ते वीतभर वाढे. आपोआप. राजाला वाटे, वा! राज्याचा बंदोबस्त वाढतो आहे.

कुंभार गेला, धनगर गेला, विधवा गेली. काळा, काळा, काळा. मोठ्या माणसांचे खटले मात्र मोठ्या माणसांच्या सोयीने चालत. न्याहारी उरकून, विडा चघळत ते येत, तोवर झरोक्यातून ऊन उतरलेलं असे. त्यांच्यापुढे घोयरा हिरवागार. प्रधान गुणाजीपंत तर दोनदा हिरवा सुटला. राजाला वाटलं, गरीब तेवढा चोर असतो. असं वाटायला फार बुद्धी लागत नाही, म्हणून पुष्कळांना वाटतं.

एके दिवशी राजमुद्रेची अंगठी हरवली. राजा म्हणाला, शयनगृहातून. तिथे राजाखेरीज दुसरं कोण जाई? आक्का जाई, त्याचं पांघरूण सारखं करायला.

प्रधान म्हणाला, "आक्कासाहेबांनी घेतली असं मी म्हणत नाही. पण घोयऱ्याला विचारावं."

पौषातली पहाट होती. प्रधान आक्काच्या कानाशी लागला, "आक्कासाहेब, आपण न्याहारी करून या ना. कशाला या लोकांच्या रांगेत?"

आक्का म्हणाली, "रांग आहे ना? मग मी रांगेत उभी राहीन."

ती रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली. राजाने घोयरा पुढे धरला.

"आक्का, मुद्रा तू घेतलीस?"

"नाही रे."

घोयरा काळा पडला. शेपटीच्या टोकापासून नाकापर्यंत.

आक्काने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दंडू, याला थंडी वाजते आहे."

"विषय बदलू नकोस," राजा म्हणाला.

आक्काने पदर सावरला. कुंपणाच्या वेशीपर्यंत ती चालत गेली, पालखी नाकारून. राजा मागोमाग गेला होता, ती रडेल, क्षमा मागेल म्हणून. तिने वेस ओलांडली, मागे वळली आणि म्हणाली, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं म्हणतात. आज तू सरड्याच्या अकलेने चाललास, तर तुझीही धाव तेवढीच. हा घोयरा आपल्या पायांनी कुंपण ओलांडील, तेव्हा तू ओलांडशील. तोवर नाही."

असं म्हणून ती गेली. कुंपण त्या दिवशी वीतभर नाही, पुरुषभर वाढलं.

राजा हसला. दुसऱ्या दिवशी शिकारीला निघाला. घोडा वेशीतून बाहेर पडला, कुत्री पडली, शिपाई पडले. राजा मात्र बघतो तर तोंड राजवाड्याकडे आणि पाय मातीत. पुन्हा गेला. पुन्हा तेच. पालखीतून नेला, तर पालखी रिकामी पलीकडे पोचली. मग तो हसायचा थांबला.

वर्षं गेली. शेजारच्या राजांच्या लग्नांना तो जाऊ शकला नाही; ते म्हणाले गर्विष्ठ आहे. शिवेवर दुष्काळ पडला, तो बघायला जाऊ शकला नाही; प्रजा म्हणाली निर्दय आहे. आणि कुणी तरी पांघरूण सारखं करील म्हणून तो रात्री मुद्दाम पांघरूण लोटून झोपे. कुणी केलं नाही.

एका उन्हाळ्यात घोयरा आजारी पडला. मंत्राचा जीव म्हणून इतकी वर्षं टिकला, नाहीतर त्या सोन्यात कधीच मेला असता. डोळे खोल गेले, कातडी सुरकुतली, पाय वाकडे झाले. सोन्याच्या गजाला धरून तो बसे, आणि समोरच्या चकाकीत दुसरा घोयरा दिसला की अंग फुगवून फुसफुसे. तो दुसरा म्हणजे तोच. राजवैद्याने नाडी बघायचा प्रयत्न केला. घोयऱ्याची नाडी कुठे असते हे त्याला माहीत नव्हतं, पण डोळे मिटून मान मात्र त्याने हलवली.

"महाराज, फार तर पुढच्या अमावास्येपर्यंत."

हा मेला तर कुंपण कोण ओलांडणार? मग जन्मभर आत. मग आक्का जन्मभर बाहेर.

तेवढ्यात सज्ज्यावर एक साळुंकी येऊन बसली. तिने मान वाकडी केली आणि म्हणाली, "दंडू, मुक्याला पाणी पाज."

पक्ष्याने बोलावं यात राजाला नवल वाटलं नाही. त्या राज्यात पक्षी बोलत. नवल वाटलं ते नावाचं. दंडू असं त्याला हाक मारणारं एकच माणूस होतं.

"साळुंके, तुला कुणी पाठवलं?"

"उभं पाणी त्याला दिसत नाही. पाऊस पाड," साळुंकी म्हणाली आणि कुंपणापलीकडे उडून गेली.

वैशाखात पाऊस कुठला पाडणार? प्रधान म्हणाला यज्ञ करू. वैद्य म्हणाला वाटी बदलू, चांदीची आणू. राजा महादेवाच्या देवळात गेला. उन्हाळा म्हणून पिंडीवर गळती लावली होती: तांब्याचा घडा, बुडाला भोक, थेंब थेंब पाणी. राजाने देवाला नमस्कार केला. "तू दगड आहेस, देवा, दम धरशील," म्हणाला, आणि गळती उतरवून घेतली.

बागेत जास्वंदीचं मोठं झाड होतं. राजाने घोयऱ्याला पिंजऱ्यातून काढून जास्वंदीवर सोडलं आणि फांदीला गळती टांगली. थेंब पानावर पडला, पानावरून ओघळला, टोकाशी थांबून चमकला. घोयऱ्याचा एक डोळा वळला. मग दुसरा. मग त्याने तोंड पुढे केलं आणि तो थेंब घेतला. मग पुढचा. तो किती वेळ पीत होता! इतकी वर्षं भरलेल्या वाटीपुढे बसून तो तहानेला होता, आणि वाटी रोज नवी भरणाऱ्यांना वाटत होतं, मिजासखोर आहे, पीत नाही.

राजाने रिकामा पिंजरा उचलून उलटा केला. मखमल खाली पडली. मखमलीतून काहीतरी टणकन दगडावर पडलं, गोल गोल फिरलं आणि थांबलं.

राजमुद्रा.

मग त्याला आठवलं. घोयऱ्याला धरताना त्याचं नख अंगठीत अडकत असे, म्हणून अंगठी काढून त्यानेच पिंजऱ्यात ठेवली होती. आपल्या हाताने.

राजा जमिनीवर बसला. प्रधान धावत आला. "महाराज, मुद्रा सापडली! पेढे वाटूया!"

"तोंड बंद कर, गुणाजी," राजा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साळुंकी आली. राजा हात जोडून म्हणाला, "साळुंके, आक्का खरं बोलली होती. मग घोयरा खोटं का बोलला?"

साळुंकी म्हणाली, "मेलेलं तो खात नाही. पळतं त्याला दे." आणि गेली.

राजा गवतात शिरला. नाकतोडे धरायला लागला. राजाला नाकतोडा धरता येत नाही. पाठीवरून झेप घ्यावी तर हाती गवत. मुगुट काट्यात अडकला तो त्याने तिथेच टाकला. शेवटी माळ्याची बायको कुंपणाच्या कडेने गवत कापत होती, ती म्हणाली, "अवो महाराज, मागून काय जाताय चोरावानी? पुढनं हात घाला. त्यो पुढंच उडतुया." राजाने पुढून हात घातला आणि पहिला नाकतोडा सापडला. तो इतका हरखला की सिंहासनावर बसतानाही तेवढा हरखला नव्हता.

वाकडे पाय बघून राजवैद्याला प्रथमच काही सुचलं. "महाराज, हाडं मऊ पडली आहेत. पोरांना देतो ते शंखभस्म याला चालेल. पण घेईल कसा?" राजाने नाकतोडा शंखभस्मात घोळवला आणि फांदीवर सोडला. घोयऱ्याचे दोन्ही डोळे एका जागी आले. जीभ सुटली ती अंगापेक्षा लांब. नाकतोडा गेला.

वैद्य म्हणाला, "माझ्या औषधाचा गुण."

"असू दे," राजा म्हणाला. भांडायला आता त्याला उसंत नव्हती.

पाय सरळ होऊ लागले. डोळे भरले. पण हिरवा रंग काही येईना. राजा दिवसभर झाडाशी उभा राहून टक लावून बघे, आणि घोयरा पानाआड सरके.

साळुंकी तिसऱ्यांदा आली. या खेपेला तिचा आवाज बसलेला होता. ती म्हणाली, "त्याला ऊन दे, सावली दे, आणि पाठ दे."

"पाठ कशी द्यायची?"

पण ती उडाली होती. साळुंकी शिकवलेलं तेवढंच बोले, हे राजाला कळायला पाहिजे होतं. उत्तरं तिच्याजवळ नव्हती. ती जिच्याजवळ होती तिला त्याने बाहेर काढलं होतं.

राजाने पुष्कळ विचार केला. शेवटी पहाटे उठला, झाडाखाली गेला आणि झाडाकडे पाठ करून बसला. गार वारा सुटला होता. कुणी बोललं नाही. कुणी शपथ घेतली नाही. राजाच तो, त्याला राहवलं नाही. त्याने मान वळवून चोरून पाहिलं.

घोयरा पूर्वेकडे कूस करून बसला होता आणि काळा ठिक्कर पडला होता.

"कोण खोटं बोललं?" राजा दचकून म्हणाला. तिथे कुणी नव्हतं.

सूर्य वर आला. ऊन फांदीवर उतरलं. काळ्या अंगाने घोयऱ्याने ते ऊन शोषलं, जसं काळं घोंगडं शोषतं, आणि अंग तापलं तसा तो उजळू लागला. आधी तपकिरी, मग शेवाळी, मग पोपटासारखा हिरवा. मग ऊन कडक झालं तेव्हा फिका पडून तोंड उघडून धापा टाकू लागला, आणि सरकत सरकत सावलीत गेला. बस्स. एवढंच होतं.

मांत्रिक खरं बोलला होता. घोयरा मनातला रंग अंगावर आणत होता. स्वतःच्या मनातला. थंडी वाजते आहे. मान सोडा. ऊन दाखवा.

आणि आक्काने ते एका नजरेत वाचलं होतं. भर दरबारात, चोर ठरत असताना, तिला त्याचीच थंडी दिसली होती.

राजा रडला. तो कसा रडला ते मी सांगत नाही. पाठ द्यावी असंही काही असतं.

त्याच दिवशी घोयरा जास्वंदीवरून खाली उतरला. कुणी उतरवला नाही. जमिनीवर थांबला, एक डोळा राजवाड्याकडे, एक कुंपणाकडे केला, आणि कुंपणाकडे निघाला.

सरड्याची धाव म्हणतात, पण घोयरा धावत नाही. एक पाय उचलतो, तो हवेत धरून झुलतो, पुढे टाकू की नको असा विचार करतो, मग टाकतो, मग थोडा मागे येतो. प्रधान म्हणाला, "महाराज, उचलून पलीकडे ठेवूया, सुटलो!"

"आपल्या पायांनी, असं ती म्हणाली आहे," राजा म्हणाला. "हात लावशील तर हात तोडीन."

माळ उघडा. झाड नाही, झुडूप नाही. दुपार झाली, माती तव्यासारखी तापली. घोयरा पांढरट पडला, तोंड उघडलं, गळा लकलक हलू लागला. वर घार घिरट्या घालत होती. छत्र धरणारे सेवक राजावर छत्र धरून आले. राजाने त्यांना हाकललं, अंगावरची शाल काढली, दोन्ही हातांनी पसरली, आणि तिची सावली घोयऱ्यावर पडेल असा कमरेत वाकून चालू लागला. घोयरा थांबला की राजा थांबे. तो मागे आला की राजा मागे येई. उघडी पाठ उन्हाने सोलून निघाली. एवढ्या हळू तो आयुष्यात कधी चालला नव्हता. आणि चालता चालता त्याला एकेक माणूस आठवत होतं, ज्याचा निकाल त्याने पापणी लवायच्या आत लावला होता.

ऊन कलताना घोयरा कुंपणाशी पोचला. निवडुंग आता ताडाएवढा झाला होता. घोयऱ्याने काट्यांमधली एक फट निवडली, आत शिरला, आणि त्याची शेपटी दिसेनाशी झाली.

राजा त्याच फटीतून आत घुसला. काट्यांनी अंग फाडलं. पण या वेळी तोंड फिरलं नाही. तो पलीकडे निघाला.

पलीकडे झोपड्यांची वस्ती होती. बाहेर काढलेली सगळी माणसं. कुंभार होता, धनगर होता, विधवा होती. राजाला बघून कुणी उठलं नाही. एका बाभळीखाली आक्का बसली होती. केस पांढरे, हात काटक्यांसारखे. खांद्यावर साळुंकी. बाभळीच्या फांदीला तिने फुटकं मडकं टांगलं होतं, ते थेंब थेंब ठिबकत होतं, आणि आसपासचे रानातले घोयरे येऊन पीत होते. त्यांच्याच संगतीत ती शिकली होती, आणि शिकलं ते साळुंकीला पढवून पाठवत होती.

राजाने तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"ऊठ," ती म्हणाली. "पाठ किती भाजलीय! शाल कुठे आहे?"

"आक्का, चुकलो. मुद्रा माझ्यापाशीच होती."

"ठाऊक आहे. तू लहानपणीही आपलीच वस्तू हरवायचास आणि दुसऱ्याला मारायचास."

"घरी चल."

आक्काने वस्तीकडे पाहिलं. मग म्हणाली, "यांना आधी ने. एकेकाला, त्याच्या दारापर्यंत, हात धरून. गाव बघेल असं. मी येते."

"तू पहिली, आक्का. तू राजाची बहीण."

"रांग आहे ना?" ती म्हणाली. "मी रांगेत शेवटची आले. शेवटची जाईन."

तिच्याशी वाद घालणं राजाला कधीच जमलं नव्हतं. आता तर हक्कही नव्हता.

त्याने कुंभाराला नेलं. कुंभाराचं चाक दुसऱ्याने घेतलं होतं, ते परत मिळवून दिलं. त्याच्या दारात उभं राहून राजा सगळ्यांसमोर म्हणाला, "हा चोर नव्हता. मी आंधळा होतो." कुंपण वीतभर उतरलं. मग विधवेला नेलं. तिच्या घराचं छप्पर बसलं होतं, ते शाकारून होईपर्यंत ती हलेना, म्हणून राजा तिथेच थांबला. धनगराचं घरच उरलं नव्हतं, ते नव्याने उभारलं. एकाची बायको दुसऱ्याच्या घरी नांदत होती, तो वेशीतून आत बघून परत फिरला आणि म्हणाला, "राजा, हे कसं दुरुस्त करशील?" राजा त्याच्यापाशी बसून राहिला. काढायला पापणी लवायचा वेळ लागला होता. आणायला ऋतू लागले.

मधूनमधून तो आक्काकडे जाई. ती विचारी, "किती राहिले?" तो सांगे. ती मान हलवी. तो तिचं पांघरूण सारखं करून परत येई.

शेवटच्या माणसाला त्याच्या दारात सोडून राजा निघाला तेव्हा निवडुंग पुन्हा गुडघ्याएवढा झाला होता. राजाने तो नुसता पाय उचलून ओलांडला. पौषातली पहाट होती. बाभळीखाली साळुंकी खाली मातीत उतरून बसली होती, आणि मडकं कोरडं होतं.

आक्का बुंध्याला टेकून बसली होती. राजाने तिच्या अंगावर शाल घातली. ती शाल तिला लागणार नव्हती.

तिला त्याने हातांवर उचलून घरी आणलं. रांग संपली होती.

त्या दिवसापासून राज्यात पहाटे कचेरी भरली नाही. ऊन दारात आलं की न्याय सुरू, कुंभाराचाही आणि प्रधानाचाही. आणि साक्षी ऐकायच्या, सगळ्या, शेवटपर्यंत, जांभई न देता. गुणाजीपंताचे जुने हिरवे खटले पुन्हा निघाले, आणि त्याला नाकतोडे धरायच्या कामावर लावलं. सोन्याचा पिंजरा वितळवून देवळाला नवी गळती केली. कुंपण पुन्हा कधी वाढलं नाही. तो घोयरा शिवेवर नव्याने लावलेल्या जास्वंदीवर राहिला. त्याला कुणी धरत नाही. उन्हाळ्यात कुणी ना कुणी फांदीला मडकं टांगून जातं आणि पाठ करून निघून येतं. साळुंकी अजून राजाच्या सज्ज्यावर येते, आणि "दंडू, मुक्याला पाणी पाज," एवढं म्हणते. राजा उठतो आणि पाजतो.

कहाणी झाली. उठा आता. आणि पहाटेच्या गारठ्यात कुणी काळा दिसला तर लगेच बोट दाखवू नका. जरा ऊन चढू द्या.